दोन खानावळी आणि तू

दादा,

तुझ्या शोकसभेच्या आधी कॉलेजातून एक बाई माहिती विचारायला आल्या होत्या. जन्म कुठला, शिक्षण कुठवर, नोकरीला कधी लागले, पुस्तकं कोणती लिहिली. मी सांगत गेले, त्या वहीत उतरवून घेत गेल्या. चहा पिऊन त्या निघून गेल्या आणि मग माझ्या लक्षात आलं की त्यांच्या त्या वहीत तू कुठेच नव्हतास. ज्वारी निवडायला बसलास की खड्यांपेक्षा दाणेच जास्त फेकून द्यायचास, हे त्यांनी विचारलं नाही. भांडणात हरायला लागलास की चष्मा पुसायला काढायचास, हेही नाही. आणि शेवटचे सात महिने तू सख्ख्या बहिणीच्या खानावळीत घासभरसुद्धा जेवला नाहीस, ते तर कुणीच विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काहीतरी थाप मारली असती. तुला मात्र थाप मारता येणार नाही. तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे राहून गेलंय, ते द्यायचं आहे म्हणून लिहायला बसलेय.

ही खानावळ काढायला तूच माझ्या मागे लागला होतास. ह्यांची रेल्वेतली नोकरी, मुली आपापल्या घरी गेलेल्या, आणि मी दिवसभर हैदराबादेत तारनाक्याच्या घरात बसून तुझ्याशी भांडायला निमित्तं शोधायची. विद्यापीठ हाकेच्या अंतरावर. तिथे आपल्या नांदेड-परभणी-हिंगोलीकडची पोरं, भाकरीच्या नावाने डोळ्यांत पाणी आणणारी. तू म्हणालास, शाले, एवढे लोक ताटाची वाट बघतायत आणि तू टीव्ही बघत बसलीस. मग पुढच्या खोलीत चार टेबलं पडली, भिंतीवर रोजची भाजी लिहायला एक फळा लागला. चार दिवस त्यावर मी भाजी लिहिली. पाचव्या दिवशी तू, कॉलेजातला अर्थशास्त्राचा मास्तर, खडू उचललास आणि माझ्या भरल्या वांग्यावरून तुझी मागणीची रेघ खाली उतरली.

लग्न तू केलं नाहीस. दोन गल्ल्या सोडून एका खोलीत पुस्तकांच्या थप्प्यांमध्ये राहायचास आणि दोन्ही वेळेला जेवायला माझ्याकडे. पोरांना वाटायचं सर मेसमध्येच राहतात. तूही कोपऱ्यातल्या टेबलावर बसून ताटात बघत, भिंतीकडे बघत, मध्येच कुणाला तरी उभं करून विचारायचास की ही खानावळ कोणत्या प्रकारच्या बाजारात मोडते. पोरगं बिचारं हातातला घास हातातच धरून म्हणायचं, मक्तेदारीयुक्त स्पर्धा, सर. का? कारण सर, मेस पुष्कळ आहेत, पण असा ठेचा दुसरीकडे मिळत नाही. तू खूश. मग माझ्याकडे वळून म्हणायचास, ऐकलंस ना, तुझ्या ठेच्यापुरती तू राणी आहेस, वरणाच्या बाबतीत फार उड्या मारू नकोस.

महिन्याच्या बाजाराला आपण बसने गौलीगुड्याला जायचो. तुझं खरं काम पलीकडे अफझलगंजच्या वाचनालयात असायचं, पण आधी माझ्याबरोबर पिशव्या धरून फिरायचास. एका ओळीत दहा-बारा दुकानं, सगळ्यांपुढे तीच ज्वारी, सगळ्यांकडे तोच भाव. तू मला प्रत्येक दुकानात भाव विचारायला लावायचास. मी कंटाळून जायचे. तू म्हणायचास, ही बघ पूर्ण स्पर्धा. यातल्या एकाच्याही हातात भाव नाही. यातला एखादा माजला तर आपण शेजारी जाणार, त्याला ठाऊक आहे. पण मी दर महिन्याला तिसऱ्याच दुकानातून घ्यायचे, कारण तिथले म्हातारे चाचा मला बसायला स्टूल द्यायचे आणि तुझी चौकशी करायचे. एकदा तू भर बाजारात हातातल्या पिशव्या खाली ठेवल्यास. म्हणालास, झाली ना गडबड. ज्वारी सगळीकडे सारखी आहे, पण तुझ्या लेखी दुकान सारखं नाही. एका स्टुलाने माझी पूर्ण स्पर्धा मोडली.

मी म्हटलं, मग ती तुझी पूर्ण स्पर्धा आहे तरी कुठे? तू म्हणालास, कुठेच नाही. मग जे कुठेच नाही ते पोरांना शिकवतोस कामून? यावर तू चष्मा काढून पुसलास. फूटपट्टी सरळ असते म्हणून जगात सगळं सरळ असतं का, पण वाकडं किती आहे ते कळायला फूटपट्टी लागतेच, असं काहीसं म्हणालास. मी म्हटलं, मला पटलं नाही. तू म्हणालास, पुढच्या महिन्यात पटेल. ते भांडण आपण वर्षानुवर्षं गौलीगुड्याच्या बसमध्ये केलं, आणि खरं सांगते, मला ते अजूनही पटलेलं नाही. पण आता ज्वारी आणायला गेले की प्रत्येक दुकानात भाव विचारते. कशाला विचारते, माहीत नाही.

मक्तेदारी मात्र तू कधी फळ्यावर फार वेळ शिकवली नाहीस. ती तुला पुस्तकाच्या आधी पोटाला कळली होती. तू नांदेडला वसतिगृहात होतास तेव्हा तिथल्या जेवणाचं कंत्राट एकाच माणसाकडे होतं. बाहेर खायची ऐपत कुणाचीच नव्हती. वरण इतकं पातळ की ताटाचा तळ दिसायचा. पोरांनी तक्रार केली तर तो कंत्राटदार भांडी आवरता आवरता एवढंच म्हणायचा, जाणार कुठे? घरी आईला तू पत्रात लिहायचास, जेवणाची सोय चांगली आहे. आई ते पत्र मला मोठ्याने वाचायला लावायची आणि समाधानाने मान हलवायची. सुट्टीत आलास तेव्हा तुझ्या मनगटाची हाडं बघून तिने काय ते ओळखलं, पण तिनेही विचारलं नाही. आपल्या घरात न विचारण्याची आणि न सांगण्याची खोड जुनीच आहे, दादा.

मग समोरच्या घरात पद्मा आली. नवरा गेल्यावर दोन पोरांना घेऊन आलेली, हाताला विलक्षण चव, आणि माझ्या खानावळीच्या बरोबर समोर तिने तेलुगू पद्धतीची मेस टाकली, भात, पप्पू म्हणजे त्यांचं वरण आणि पच्चडी म्हणजे चटणी. आधी मी हसले. भाकरी खाणारी पोरं भाताकडे कशाला जातील? महिन्याभरात माझी निम्मी टेबलं तिच्याकडे गेली. मी दर उतरवला. तिने त्याहून उतरवला. मी रविवारी अंडं दिलं, तर तिने बुधवारीही दिलं. मी ताक सुरू केलं, तिने ताकाबरोबर तळलेली मिरची. पोरांची चंगळ झाली. आम्ही दोघी मात्र रात्रंदिवस राबून हातात काही उरेना. आणि एवढं सगळं चाललेलं असताना विरजण संपलं की ती माझ्याकडे यायची, आणि माझा गॅस संपला की मी तिच्याकडे. लढाई टेबलांवर होती, चुलीवर नव्हती.

तुला ती लढाई म्हणजे पर्वणीच. एका रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर तू एम.ए.ची दहा-बारा पोरं माझ्याकडे घेऊन आलास. पद्मा विरजण न्यायला आली होती, तिलाही थांबवून घेतलंस. म्हणालास, बैठो पद्मम्मा, आज का पाठ तुम्हारे उपरीच है. फळ्यावर दोन चौकोन काढलेस, एक मी, एक पद्मा. त्याला काय ते द्वयाधिकार म्हणतात, बाजारात विकणारे दोनच. मग आपल्या हैदराबादी हिंदीत, म्हणजे पद्मालाही कळेल असं, समजावत गेलास. एकीने दर उतरवला तर दुसरीला उतरवावाच लागतो. दोघी उतरत उतरत तळाला जातात, दोघींचंही नुकसान. पण समजा दोघींनी ठरवलं की उतरवायचाच नाही. दोघींनी मिळून थोडा वर नेला. तर? तू बाणाने दाखवलंस, दोघींचा फायदा. पोरांनी लिहून घेतलं. मी आणि पद्माने एकमेकींकडे बघितलं. तेवढ्यात एका पोराची बस होती, सगळेच उठले, आणि तू खडू खाली ठेवत म्हणालास, याचं पुढे काय होतं ते उद्याच्या तासाला.

उद्याच्या तासाला ती पोरं कॉलेजात होती. आम्हाला कुठलं कॉलेज? आम्ही दोघी दुसऱ्या दिवशी सकाळी टोमॅटोच्या गाडीपाशी भेटलो. पद्मा म्हणाली, सर का कहना सही है. मी म्हटलं, हौ. टोमॅटो निवडून होईपर्यंत सगळं ठरलं. दोघींचा दर एकच, आधीपेक्षा वर. अंडं बंद. दुसऱ्यांदा भाजी हवी तर जास्तीचे पैसे. आणि एकीची मेस सोडून आलेल्या पोराला दुसरीने ठेवून घ्यायचं नाही. हा शेवटचा मुद्दा माझा. मला वाटलं, तुझा धडा आपल्याला बरोबर कळला.

तू फुकट जेवायचास म्हणून तुला दराचा पत्ता लागला नाही. शिवाय तुझ्या ताटात काय कमी पडणार? तुला कळलं ते करुणामुळे. हिंगोलीकडची ती मुलगी, तुझी लाडकी विद्यार्थिनी. विद्यापीठाच्या ग्रंथालयामागे ती आणि तिची मैत्रीण एकाच डब्यातून दोघींत जेवताना तू बघितलंस. विचारल्यावर तिने सांगितलं, दोन डबे परवडत नाहीत सर, आणि समोरच्या मेसमध्ये घेत नाहीत.

त्या दुपारी तू आलास तेव्हा खानावळ भरलेली होती. कोपऱ्यात बसून राहिलास, ताट वाढलं तर हाताने बाजूला केलंस. शेवटचा माणूस उठून गेला आणि मी टेबल पुसायला लागले, तेव्हा बोललास.

"शालू, हे कुणी शिकवलं तुला?"

नेहमी शाले म्हणणारा तू, त्या दिवशी शालू म्हणालास. उत्तर माझ्या जिभेवर होतं. तूच, असं म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण तुझा चेहरा बघितला आणि ते तोंडातून बाहेर आलं नाही. तुझ्याच खडूने पोरांच्या तोंडचा घास गेला, हे तुला ऐकवायची माझी हिंमत झाली नाही. मी म्हटलं, शिकवायला कुणी कशाला लागतं, मला काय स्वतःची अक्कल नाही?

"दोघींचं भलं झालं. तिसरा कोण, ते बघितलंस का?" तू म्हणालास. "जेवणारा. तो जाणार कुठे?"

ते शेवटचे दोन शब्द मला झोंबले. मी काय तो नांदेडचा कंत्राटदार होते? पहाटे उठून भाकऱ्या थापणारी मी. माझ्या तोंडून जे निघायला नको होतं ते निघालं.

"तू फुकट जेवतोस ना, म्हणून तुला बोलायला काही वाटत नाही."

तू चष्मा पुसायला काढला नाहीस. नुसता उठलास, चपला घातल्यास आणि निघून गेलास. मी टेबल पुसत राहिले. ते टेबल आधीच पुसून झालं होतं.

पुढचे सात महिने, दादा. पौर्णिमेला विहारात भेटायचास, वंदना झाली की पाऊसपाण्याचं बोलायचास, मुलींची खुशाली विचारायचास. जेवायला ये, असं मी एकदाही म्हटलं नाही. आधी राग होता म्हणून, मग लाज वाटली म्हणून, आणि नंतर इतके दिवस झाले होते की कोणत्या तोंडाने म्हणायचं ते कळेना म्हणून. करुणाच्या हाती दोनदा तुला डबा पाठवला. तो घासूनपुसून रिकामा परत आला. मला बरं वाटलं. तिसऱ्या वेळी करुणा पोरगी खाली मान घालून म्हणाली, मावशी, सर खात नाहीत. आम्हाला देतात. ते स्वतः कुकरला भात लावतात.

त्या दिवसापासून मी रोज डबा पाठवायला लागले, आणि आधीपेक्षा मोठा. चार माणसांचं जेवण भरायचे. पद्मा समोरून बघायची, तिला सांगायचे, भावाचा आहे. भावाच्या डब्याला कराराची आडकाठी नव्हती. तो कुणाच्या पोटात जातो हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तुला ठाऊक नव्हतं. निदान मला तसं वाटायचं. किती सोपं होतं तुला येऊन सांगणं, की दादा, मी तुझं ऐकलंय. पण तुला सांगितलं असतं तर तू खूश होऊन भर गल्लीत बोलला असतास, ते पद्माच्या कानावर गेलं असतं, आणि मी शब्द मोडला हे तिला कळलं असतं. म्हणून गप्प बसले. उद्या सांगू, परवा सांगू.

मग परीक्षेच्या दिवसांत एका सकाळी कॉलेजातून फोन आला. पर्यवेक्षणाला वर्गात खुर्चीवर बसलास तो उठलाच नाहीस. पोरं पेपर लिहीत होती, त्यांना बराच वेळ कळलं नाही. तुला कुणाला त्रास द्यायची सवय नव्हतीच.

तुझी खोली आवरायला मीच गेले. छोटा कुकर, एक ताट, तांदळाची पिशवी, लोणच्याची अर्धी बरणी. त्या लोणच्याला तेल सुटलेलं नव्हतं, बाजारातलं होतं. माझ्या घरात बरण्या भरलेल्या असताना तू बाजारातलं लोणचं खाल्लंस. तिथे बसून मी जे रडले ते तुझ्या जाण्यासाठी किती आणि त्या लोणच्यासाठी किती, मला वेगळं करून सांगता येणार नाही.

परवा तुझं पुण्यानुमोदन झालं. भंतेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, तुझे विद्यार्थी इतके आले की चटया कमी पडल्या. मी स्वयंपाकाला आचारी सांगितला नव्हता. पहाटे पद्मा स्वतःचं मोठं पातेलं घेऊन आली आणि न विचारता खिरीला बसली. खीर ढवळता ढवळता ती एकदम म्हणाली,

"सर मेरेकू भी पूछे थे, अक्का. किसने सिखाया बोलके."

माझा हात थांबला. कधी, मी विचारलं. आपलं भांडण झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. तू तिच्या दारात उभा राहिलास आणि मला विचारला तोच प्रश्न तिला विचारलास. पद्माला आडपडदा माहीत नाही. तिने सांगून टाकलं, आपीच तो सिखाए सर, बोर्ड पे लिखके. ती म्हणाली, सर आधी हसले. मग हसता हसता खाली बसले. प्यायला पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले,

"शालूकू नक्को बोलो मेरेकू मालूम हुआ बोलके. उसकू मालूम था, फिर भी मेरा नाम नहीं ली उसने."

म्हणजे तुला कळलं होतं. माझं उत्तरही कळलं होतं आणि मी ते गिळलं हेही. सात महिने मी समजत होते की माझ्या त्या फुकटच्या बोलण्याने तुझं मन कायमचं तुटलं. आणि तू? स्वतःच्या धड्याची शरम वाटून माझ्या दारात यायचं टाळत होतास? की दोन्ही? आता हे मी कुणाला विचारू? पद्माला विचारलं तर ती खांदे उडवते आणि डोळे पुसते.

दुपारी पंगत उठल्यावर करुणा आमच्याजवळ येऊन बसली. तुझ्या आठवणी सांगत होती. बोलता बोलता म्हणाली, त्या रविवारच्या तासाचा पुढचा भाग सरांनी दुसऱ्या दिवशी कॉलेजात शिकवला होता. असे करार टिकत नाहीत, सर म्हणाले होते. दोघांपैकी एक जण स्वतःच्या फायद्यासाठी चोरून मोडतोच, आणि मग दुसराही मोडतो.

मी पद्माकडे बघितलं. ती पदराशी खेळत होती. मी म्हटलं, पद्मा, तो डबा भावाचा नव्हता. ती म्हणाली, मालूम है. आणि मग खाली बघत तिने सांगितलं, की तू पाणी पिऊन गेलास त्याच आठवड्यापासून दुपारी दोननंतर ती मागच्या दाराने पोरांना आत घेते. माझी मेस सोडलेल्या पोरांनासुद्धा. उरलेलं आहे म्हणून वाढते. आणि ते उरावं म्हणून रोज दोन शेर तांदूळ जास्त टाकते. मला कळू नये म्हणून मागचं दार.

दादा, ऐक. तुझ्या पुस्तकात लिहिलंय की असे करार लोभापायी मोडतात. आमचा लोभापायी मोडला नाही. तो करार सातातले जवळजवळ सगळे महिने मोडलेलाच होता. मी पुढच्या दाराने मोडला, तिने मागच्या. दोघी एकमेकींपासून लपवत राहिलो, म्हणून तुलाही सांगितलं नाही. आणि जो करार उरलाच नव्हता त्याच्यासाठी तू दोन गल्ल्या पलीकडे एकट्याने भात शिजवून बाजारातल्या लोणच्याशी खाल्लास. यावर तू काय म्हणाला असतास? पुस्तकात दुरुस्ती केली असतीस की माझ्याशी वाद घातला असतास? बहुतेक वादच. म्हणाला असतास, लोभ नाही, पण स्वार्थ आहेच, पोरं उपाशी बघून तुम्हाला जेवण जात नव्हतं ना, मग तो तुमचा स्वार्थच. आणि मी म्हटलं असतं, मला पटलं नाही.

करार संपला असं आम्ही दोघींनी तोंडाने म्हटलंच नाही. ती पातेलं घासून घरी गेली, मी चटया गोळा केल्या. कालचा दिवस सुतकासारखाच गेला. आज सकाळी खानावळ उघडली आणि समोर बघते तर काय, पद्माने दाराबाहेर नवा कागद चिकटवलाय. दर खाली. अंडं बुधवारी आणि रविवारी. भाजी पाहिजे तेवढी. कुणालाही प्रवेश. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलेली बाई, आणि मला एका शब्दाने न सांगता हा कागद. माझी तीन पोरं माझ्या डोळ्यांदेखत रस्ता ओलांडून तिकडे गेली. त्यात करुणाही होती.

मला असा राग आला की बस. तू गेल्यापासून पहिल्यांदा अंगात काही जोर आल्यासारखं वाटलं. भाकरी तव्यावर टाकलेली तशीच सोडली, ह्यांना उलटायला सांगितली, पदर खोचला आणि चपला अडकवून निघाले. वाटेत वाक्यं जुळवत होते. बघ, तुझी ती पद्मम्मा. बघ, हिचा दर बघ. आता सांग, मी काय करू, उतरवू की थांबू, आणि मला ते चौकोन काढून दाखवू नकोस. दोन गल्ल्या झपाझप ओलांडल्या, तुझ्या जिन्याच्या पायऱ्या चढले, आणि दाराला कुलूप. ते मीच लावलेलं होतं, आणि किल्ली माझ्याच कमरेला होती.

मी वरच्या पायरीवर बसले. शेजारच्या बाईने दार किलकिलं करून बघितलं आणि परत लावून घेतलं. तिथेच बसून मी तुला सगळं सांगितलं. पद्माच्या दराचं सांगितलं, डब्याचं सांगितलं. फुकट जेवतोस म्हणाले त्याची माफी मागितली. जेवायला ये, असंही म्हटलं. आणि मग तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर दिलं. तूच शिकवलंस, दादा. तुला ते केव्हाच कळलं होतं. तरी सांगितलं.